झीज आणि जुळणी

बदलीच्या नोकरीत आयुष्य घालवणाऱ्या मनुष्याच्या घरात कोऱ्या वस्तू फारशा आढळत नाहीत. एका गावचे बिऱ्हाड मोडताना पलंग तेथेच कोणास तरी देऊन टाकावा आणि दुसऱ्या गावी पोहोचल्यावर तेथून बदलून जाणाऱ्याचा घ्यावा, हा व्यवहार आपणां सर्वांच्या अंगवळणी पडलेला आहे. कचेरीतील खुर्चीला जसा पूर्वाधिकारी असतो, तसाच घरातील टेबलालाही असतो; त्याच्या चहाच्या पेल्याने उमटवलेल्या वर्तुळांशेजारी आपण आपली वर्तुळे उमटवीत असतो. तेव्हा जुनी वस्तू घेण्यात आम्हांला कधी कमीपणा वाटला नाही. प्रश्न पडतो तो निराळाच. जुनी वस्तू कुरकुरू लागली, म्हणजे तिचे आयुष्य संपले असे समजावे, की तिचे कोठे काही सैल झाले आहे असे समजावे?

सरकारी कचेरीत या प्रश्नाचा निकाल लावण्यासाठी निर्लेखन नावाचा एक विधी असतो. समिती नेमली जाते, गोदामाचे कुलूप निघते, धूळ झटकली जाते आणि तासाभरात पन्नास वस्तूंपुढे ‘दुरुस्तीपलीकडे’ असा शेरा पडतो. ज्यांनी हे कामकाज पाहिले आहे त्यांना ठाऊक आहे की, वाळवीने पोखरलेली खुर्ची आणि केवळ एक स्क्रू गळालेली खुर्ची यांच्यात तेथे फारसा भेद केला जात नाही. दोन्ही डुगडुगतात, एवढे कारण पुरते. वास्तविक पहिलीत झीज आहे आणि दुसरीत फक्त जुळणी बिघडलेली आहे. झिजलेले बदलावे लागते. बिघडलेली जुळणी पुन्हा बसवता येते. एकाच्या जागी दुसरे समजणे म्हणजे खिशाला किंवा वस्तूला, कधी कधी माणसालाही, नाहक दंड करणे होय. हा भेद कोलकात्यात एका जुन्या सायकलीने आम्हांस हाताला काळे लावून शिकवला.

भवानीपूर भागात, हाजरा रस्त्यावरील महाराष्ट्र निवासापासून सहज चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एक वृद्ध बंगाली गृहस्थ राहतात. आमच्या घरमालकांचे ते स्नेही. म्हणून आम्हीही त्यांना मेशोमोशाय, म्हणजे मावशीचे यजमान, अशा नात्याने हाक मारू लागलो. त्यांच्या जिन्याखाली एक उंच, काळी सायकल भिंतीला टेकून उभी असे. त्यांच्या वडिलांनी ती विलायतेहून येताना बोटीने आणली होती. मागच्या चाकाच्या तुंब्यात, म्हणजे हबात, तीन गिअर. कवचावरील तेलकट धूळ पुसली तेव्हा त्यावर ठोकलेला ६२ हा आकडा दिसला. ते तुंबे तयार झाल्याचे वर्ष, म्हणजे १९६२. वडिलांमागे मेशोमोशाय स्वतः डलहौसी चौकातील आपल्या कचेरीत तीस वर्षे याच सायकलीने जात. चार वर्षांपूर्वी एका चौकात, निघण्यासाठी पेडलवर जोर देताच पाय एकाएकी पोकळीत गेला आणि ते पडले. गुडघे सोलले. दुरुस्तीच्या एका दुकानात ‘गिअर संपला, याचे भाग आता मिळत नाहीत’ असा निकाल मिळाला आणि सायकल जिन्याखाली गेली. पेडलवरचा त्यांचा विश्वासही तिच्याबरोबर तेथेच राहिला.

भंगारवाला येऊन भाव सांगून गेल्याचे समजल्यावर आम्ही तेवढीच रक्कम पुढे केली. मेशोमोशाय हसून म्हणाले, ‘‘बर्गी परत आले म्हणायचे! मागच्या खेपेस आमच्या लोकांनी निदान खंदक तरी खणला होता.’’ नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीने १७४२ साली या शहराभोवती खणावयास घेतलेला मराठा खंदक कधी पुरा झाला नाही आणि पुढे बुजवलाही गेला; पण बंगाली माणसाच्या विनोदात तो अद्याप शाबूत आहे. आम्ही सायकल हाती धरून घरी आणली. सौभाग्यवतींनी तिच्याकडे व आमच्याकडे आळीपाळीने पाहिले आणि विचारले, ‘‘कचेरीतला निर्लेखित माल संपला वाटते?’’

आता मूळ व्याधीकडे वळू. ‘पेडल निसटते’ ही तक्रार ‘पोट दुखते’ या तक्रारीसारखी आहे. लक्षण एक, कारणे अनेक. चेन झिजली असेल तर जोर देताच ती मागच्या चक्राच्या दात्यांवर चढते आणि खट्कन एक दाता ओलांडून पुढे पडते. हे कोणत्याही गिअरमध्ये घडते आणि पायाला स्पष्ट हिसका बसतो. क्रँक आपल्या धुरीवर पक्का बसवणारी कॉटर पिन सैल झाली असेल, तर पेडलच्या प्रत्येक फेऱ्यात ठराविक जागी ठोका लागतो. साध्या, बिनगिअरच्या सायकलीत फ्रीव्हीलमधील खिट्ट्या जुन्या वंगणाने चिकटून बसल्या, तर पेडल दोन्ही बाजूंना मोकळे फिरते आणि चाक जागचे हलत नाही. फ्रीव्हील रॉकेलने धुऊन पातळ तेल सोडले की खिट्ट्या बहुधा जाग्या होतात. आणि हबातील गिअरची तार ढिली असेल, तर चेन आपल्या जागी निमूट असते, परंतु एका विशिष्ट गिअरमध्येच पाय पोकळीत जातो. म्हणून कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत. केव्हा निसटते? कोणत्या गिअरमध्ये? आवाज होतो का? चेन उडते का?

या प्रश्नांची उत्तरे मिळवण्यासाठी आम्ही पहाटे मैदानाच्या कडेने दोन फेऱ्या मारल्या. निष्पन्न असे झाले की, रोग दोन होते. तिन्ही गिअरमध्ये जोर लावला की खट् असा हिसका बसे. आणि शिवाय, गिअरची कळ दोनवर असली की केव्हा केव्हा कोणताही आवाज न होता पाय मोकळा फिरे. तिसऱ्यात मात्र ही दुसरी तक्रार कधीच उद्भवली नाही. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची होती. तिचा उलगडा पुढे येईल.

काळीघाटच्या बाजूस एका झाडाखाली, पदपथावर, एक मिस्त्री बसतात. पाण्याचे घमेले, हवेचा पंप, पाने, हातोडी आणि लाकडी खोके, एवढाच त्यांचा कारखाना. आम्ही त्यांना चाचा म्हणतो, ते आम्हांला बाबू म्हणतात. चाचांनी सायकल उलटी करून तिच्या खोगिरावर उभी केली, खोक्यातून लोखंडी पट्टी काढली आणि चेनवर ठेवली. सायकलीच्या चेनचा हिशेब सोपा आहे. एका खिळीच्या मध्यापासून दुसऱ्या खिळीच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर अर्धा इंच. म्हणून चोवीस कड्यांची लांबी बारा इंच भरली पाहिजे. ती एका सुताने, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने, वाढली की चेन टाकून द्यावी. आमची दीड सुताने वाढलेली निघाली. चेन ‘ताणली जाते’ असे आपण म्हणतो, परंतु पोलाद काही ताणले जात नाही. प्रत्येक खिळी आपल्या घरात घासून केसभर झिजते, आणि शेकडो खिळ्यांचे केसभर मिळून इंच होतात.

चाचा म्हणाले, ‘‘बाबू, नुसती चेन घालू नका. हे दाते पाहा.’’ मागच्या चक्राचे दाते एका अंगाने खचून लाटेसारखे पुढे वाकलेले दिसत होते. लांबलेली चेन दात्यांच्या तळाशी न बसता वर वर बसते आणि दात्यांना आपल्या मापाचे करून घेते. ती दोघे मिळून झिजतात, म्हणून मिळून काही काळ चालतातही. अशा चक्रावर कोरी चेन घातली तर ती पहिल्याच चढाला उडते, आणि मालक नव्या चेनला दोष देतो. पुढचे मोठे चक्र सावकाश झिजते, कारण त्याचे दाते संख्येने अधिक; आमचे अजून ठीक होते. मागचे चक्र अठरा दात्यांचे. हबाच्या तीन खाचांत बसणारे आणि वर तारेच्या कड्याने अडकवलेले. चाचांनी ते पेचकसाच्या टोकाने दोन क्षणांत काढले. आम्ही बेंटिंक स्ट्रीटवर जाऊन, जेथे सायकलवाले व जोडेवाले पिढ्यान् पिढ्या शेजारी नांदत आले आहेत, तेथून चेन व चक्र आणले. एका चक्राच्या सायकलीला व हबगिअरला रुंद चेन लागते, पुष्कळ चक्रांच्या नव्या सायकलींची अरुंद चेन चालत नाही, हे घेताना सांगावे लागते.

नवी चेन जोडताना दोन गोष्टी पाहाव्यात. जोडकडीच्या स्प्रिंगचे बंद टोक चेन ज्या दिशेने जाते त्या दिशेला असावे. उघडे टोक पुढे राहिले तर कशाला तरी अडकून ती निघून जाते. दुसरे, मागील चाकाचे नट सैल करून चाक मागे ओढावे आणि चेनला मधोमध वरखाली अर्ध्या इंचाची सूट राहील असे बसवावे. ही सूट पेडल सावकाश फिरवून चहूकडे तपासावी, कारण चक्र किंचित वाकडे असले तर एके जागी चेन घट्ट व दुसऱ्या जागी ढिली होते. घट्ट चेन बेअरिंग खाते आणि ढिली चेन उतरते.

तेलाविषयीही चार शब्द. बंगालच्या दमट हवेत चेनवर एका पावसाळ्यात गंज चढतो. ती रॉकेलने ब्रशाने धुवावी, कोरडी पुसावी, प्रत्येक कडीवर पातळ यंत्रतेलाचा एक थेंब सोडावा आणि वरचे तेल पुसून टाकावे; बाहेर राहिलेले तेल धूळ धरते आणि त्या चिखलानेच खिळ्या झिजतात. बंगाली घरात सर्व दुखण्यांवर मोहरीचे तेल आणि आपल्याकडे कोकणात खोबरेल. पण चेनला दोन्ही वर्ज्य. पहिले हळूहळू चिकट होते आणि दुसरे थंडीत गोठते.

पहिला रोग असा झिजेचा होता आणि तो पैसे खर्चून गेला. दुसरा राहिला. चाचा हबाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘हे विलायती पोट मी उघडत नाही.’’ उघडण्याचे कारणही नव्हते. स्टर्मी-आर्चर पद्धतीच्या या हबात दुसरा गिअर म्हणजे सरळ गती : मागचे चक्र जितके फिरेल तितकेच चाक फिरते. पहिल्यात चाक त्याच्या तीन-चतुर्थांश फिरते, तिसऱ्यात एक-तृतीयांशाने अधिक. पुढे शेहेचाळीस दाते आणि मागे अठरा असले, तर पेडलच्या एका फेऱ्यास दुसऱ्या गिअरमध्ये चाकाचे अडीचांहून थोडे अधिक फेरे होतात, पहिल्यात दोनांहून थोडे कमी, तिसऱ्यात जवळजवळ साडेतीन. कोलकात्यासारख्या सपाट गावात हे हवे कशाला, असे कोणी विचारील. वैशाखात मैदानावरून सुटणारा समोरचा वारा आणि सत्तरी ओलांडलेले गुडघे, एवढे उत्तर पुरे आहे.

हे तिन्ही गिअर एकाच बारीक तारेच्या ताणावर बदलतात. तार पुरती सैल असता तिसरा, मध्यम ओढीत दुसरा, पुरती ओढली की पहिला. दुसऱ्या व तिसऱ्याच्या मध्ये एक अशी जागा असते की जेथे कोणताच गिअर लागलेला नसतो. तेथे पेडल मोकळे फिरते. तार काळाने थोडी लांबली, तर कळ दोनवर असूनही आतील दांडी त्या निराधार जागेत जाऊन थांबते. तिसऱ्या गिअरला तारेच्या ओढीची गरजच नसल्यामुळे तो शाबूत राहतो. मघाशी जो उलगडा राखून ठेवला तो हा. गिअर खरोखरच झिजला असता तर केवळ तार जुळवून तो सुधारला नसता. म्हणून आधी तार तपासणे हाच न्याय.

मागच्या चाकाच्या उजव्या बाजूच्या लांबट नटाला एक लहानशी खिडकी असते. कळ दोनवर ठेवून तिच्यातून पाहावयाचे. आत बारीक साखळीला जोडलेल्या दांडीचा खांदा धुरीच्या टोकाशी बरोबर समतल दिसला पाहिजे. आमचा आत गेलेला दिसत होता. ती साखळी आतून पुरती आवळून मग अर्ध्या फेऱ्यापर्यंत मागे घ्यावी, म्हणजे ती पिळली जात नाही. नंतर तारेच्या टोकाचा लहान नळीसारखा नट फिरवून खांदा समतल आणावा आणि मागचा नट आवळून ती जुळणी पक्की करावी. आम्ही नट फिरवत होतो आणि चाचा गुडघे टेकून खिडकीत पाहत होते. ‘‘बस, बाबू,’’ ते म्हणाले. हबाच्या तेलछिद्रात चार थेंब सोडले, चाक फिरवले. दुसऱ्या व तिसऱ्या गिअरमध्ये हब टिक् टिक् करतो आणि पहिल्यात गप्प राहतो, ही त्याच्या प्रकृतीची खूण. तिन्ही जागी ती पटली. या जुळणीस एक पैसाही लागला नाही.

आधुनिक, पुष्कळ चक्रांच्या सायकलींचे मालक म्हणतील, हे आमच्या काय कामाचे? न्याय तोच आहे. चेन मोठ्या चक्रावर चढावयास कुचराई करीत असेल, तर बहुधा तार ढिली असते. नळीचा नट अर्धा फेरा बाहेर घ्यावा. चेन टोकाच्या चक्रापलीकडे पडत असेल, तर मर्यादेचे दोन लहान स्क्रू पाहावेत. हे सर्व करूनही ती कुरकुरत असेल, तर पट्टी घेऊन चेन मोजावी. जुळणी आधी, झीज नंतर, आणि निर्लेखन सर्वांत शेवटी.

सायकल घेऊन आम्ही मेशोमोशायांकडे गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून नटाच्या खिडकीत पाहिले, कळ एकावरून दोनवर, दोनवरून तीनवर नेली, आणि तार बदलण्यास किती पडले असे विचारले. तार तीच आहे, फक्त ओढली आहे, असे सांगताच ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, ‘‘चार वर्षे.’’ ते दोन शब्द सायकलीविषयी नव्हते. चार वर्षे या गृहस्थांनी आपले गुडघे, आपला तोल आणि आपले वय यांनाच दोष दिला होता. रस्त्यात पाय पोकळीत गेला तो आपण म्हातारे झालो म्हणून, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले होते. आता दर रविवारी सकाळी सायकल त्यांच्या दारी असते. ते कळ दोनवर ठेवून गल्लीच्या टोकापर्यंत जातात आणि परत येतात. याहून पुढे जात नाहीत. गुडघ्यांत झीज आहे, हे ते मान्य करतात. पण ती किती आहे हे आता त्यांना नेमके ठाऊक आहे.

या शहराचे सायकलीशी नाते जुने आहे. १९२६ साली बिमल मुखर्जी येथून सायकलीवर जगप्रवासास निघाले आणि १९३७ मध्ये परतले. स्वातंत्र्यानंतर आसनसोलजवळ सेन-रॅले यांचा कारखाना उभा राहिला. १९८० साली त्याचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि तो बंद पडूनही आता बराच काळ लोटला. कोलकात्याच्या पोलिसांनी २००८ मध्ये ३८ रस्ते आणि २०१३ मध्ये १७४ रस्ते सायकलींना मना केले. नंतर ती यादी आखूड झाली. वाहतुकीची गती मंदावते, हे कारण. त्याच राज्यात २०१५ पासून सबुज साथी योजनेखाली नववी ते बारावीच्या मुलामुलींना एक कोटीहून अधिक सायकली देण्यात आल्या. एका हाताने देणे आणि दुसऱ्या हाताने अडवणे यांत विसंगती आहे, असे आम्ही म्हणणार नाही. सरकारी नोकराने असे म्हणू नये. एवढेच म्हणतो की, दूधवाला, वर्तमानपत्रवाला आणि मासळी विकणारा ज्या वाहनावर पोट भरतो त्याच्यापुढे ‘कालबाह्य’ असा शेरा मारण्यापूर्वी पट्टी लावून पाहावे. रस्त्यात खरोखर जागा उरलेली नाही, की तिची वाटणी बिघडली आहे?

माणसांच्या बाबतीतही असेच घडते. नव्या जागी आलेला अधिकारी पहिले सहा महिने अडखळतो आणि लोक म्हणतात, हा कामाचा नाही. जुन्या चक्रावर नवी चेन उडते, त्यात दोष एकट्या चेनचा नसतो. सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावरचा सहकारी दोनदा विसरला की त्याच्या नावापुढे मनातल्या मनात शेरा पडतो. झीज ही सत्य गोष्ट आहे. ती नाकारणे हा मूर्खपणा होईल. दीड सूत वाढलेली चेन कितीही प्रेमाने तेल घातले तरी आखूड होत नाही. परंतु ज्याला आपण झीज म्हणतो त्यात जुळणीचा भाग किती, हे पाहण्यास एक लोखंडी पट्टी आणि अर्धा तास पुरतो, आणि तेवढा वेळ आपण क्वचितच देतो.

आमचीही बदली एक ना एक दिवस होईलच. सायकल येथेच, मेशोमोशायांच्या जिन्याखाली राहील, असे ठरवले आहे. कार्यभार सोपवताना टिपण ठेवण्याची आपल्या खात्यांत पद्धत आहे. त्याप्रमाणे खोगिराखालच्या पिशवीत एक चिठ्ठी घालून ठेवली आहे. तीत नवी चेन घातल्याची तारीख आहे, चोवीस कड्यांची लांबी बारा इंच अशी नोंद आहे, आणि खाली एक ओळ : पेडल निसटल्यास कळ दोनवर ठेवून प्रथम खिडकीत पाहावे.